साखरेच्या शहरातली लुस

लुस, गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मला ते जमत नाहीये. एप्रिलपासून मी तुझ्याशी भांडतेच आहे. भांडी घासताना भांडते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये माईक बंद करून भांडते, सायकलवरून भाजी आणायला जाताना भांडते. परवा ईरानं विचारलं, "आई, हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हटलं, "कुणाशी नाही." ती चित्रात रंग भरत होती. मान वर न करता म्हणाली, "से हाय टू लोला लुस."

तुझ्या भाषेत लोला म्हणजे आजी. हे तूच तिला शिकवलंस. तेव्हा तू पन्नाशीच्या आसपास होतीस आणि आजी म्हणवून घ्यायची तुला फार हौस होती.

हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुला यातलं एक अक्षरही कळलं नसतं. आपण इंग्रजीत भांडायचो, मध्येमध्ये डच शब्द घालून, आणि राग आला की दोघींचंही इंग्रजी मोडायचं. मला एकदा तरी तुझ्याशी माझ्या भाषेत, न अडखळता भांडायचं आहे.

आम्ही विमानतळाशेजारच्या या डच गावात, बाडहूव्हडॉर्पला, राहायला आलो तेव्हा शेजारचं दार तुझं होतं. तिसरा मजला, लांबलचक उघडी गॅलरी, ओळीनं दारं आणि प्रत्येक दाराशेजारी स्वयंपाकघराची खिडकी. विमानं इतक्या खालून जायची की बोलता बोलता थांबायचं, विमान जाऊ द्यायचं आणि मग वाक्य पुरं करायचं. तू विमानतळाजवळच्या हॉटेलात खोल्या आवरायचीस. मी घरून किंवा ऑफिसातून सॉफ्टवेअर लिहायची. आपली गाठ पडली असती ती फार तर लिफ्टमध्ये, हॅलो म्हणण्यापुरती. पण एके दिवशी गॅलरीत गूळ कढल्याचा वास आला आणि मी वेड्यासारखी तुझं दार वाजवलं.

तू दार उघडलंस. हात पिठानं भरलेले होते. तव्यावर पोळी होती आणि पोळीच्या कडेनं काळपट गूळ बाहेर येऊन तडतडत होता.

"ही गुळाची पोळी!" मी म्हटलं.

"ही पियाया," तू म्हणालीस.

हे आपलं पहिलं भांडण. तू अर्धी पियाया मोडून माझ्या हातात ठेवलीस. तिळासकट. मी तिथेच दारात उभी राहून खाल्ली आणि सांगितलं की माझं लहानपण पश्चिम महाराष्ट्रात, एका साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. वडील कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, सहा महिने मळीच्या वासात झोपायचं. तू पिठाचे हात तसेच माझ्या खांद्यांवर ठेवलेस. "म्हणजे तू माझ्या शहरातली आहेस," तू म्हणालीस. त्या दिवसापासून मी तुझी 'इंदाय' झाले, म्हणजे लाडकी धाकटी. मी तुला मनांग म्हणायचं, म्हणजे ताई, असं तू ठरवलंस. मी मात्र लुसच म्हणत राहिले. तुला ते आवडायचं नाही.

शहर! त्या शब्दावरून आपण किती वर्षं भांडलो. आग्नेय आशियातल्या नेग्रोस बेटावरचं तुझं गाव मी नकाशात शोधलं. कारखान्याची एक चिमणी, एक चौक, चार रस्ते आणि चहूबाजूंनी ऊस. "याला आमच्याकडे तालुक्याचं ठिकाणही म्हणणार नाहीत," मी म्हटलं. तू कमरेवर हात ठेवलास. "सिटी आहे. महापौर आहे. कॅथेड्रल नाही, पण सिटी आहे."

मग तू मला ते दाखवायला लागलीस. कधी कांदा चिरता चिरता, कधी खिडकीतून. चिमणीच्या एका अंगाला कंपनीचं आवार आणि दुसऱ्या अंगाला बाकी सगळं. आवारात हिरवळ, साहेबांचे बंगले, पोहायचा तलाव, पांढरं चर्च, दवाखाना. रविवारी चर्चसाठी फाटक सगळ्यांना उघडायचं. सोमवारी नाही. हंगामात उसाच्या छोट्या आगगाड्या भर रस्त्यातून जायच्या, आणि शाळेत उशीर झाला तर 'गाडी आडवी आली' हे कारण बाईंना मान्य असायचं. आकाशातून चिपाडांची काळी राख पडायची. बायका आधी वर बघायच्या, वारा कुठला आहे ते ठरवायच्या, मगच कपडे वाळत घालायच्या. रस्त्यांना मळेवाल्या घराण्यांची नावं होती. त्यांची घरं लाकडी, उंच खिडक्यांची, आणि दुपारी त्या खिडक्यांतून पियानो ऐकू यायचा. तुझी आई तशा एका घरात इस्त्री करायची. वडील एरवी बॉयलरवर असायचे, पण गावच्या सणाला मिलच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, पांढऱ्या गणवेशात. तू हे सांगताना ओट्यावर ताल धरायचीस.

"आणि ऊस कोण तोडायचं?" मी विचारलं.

"सकादा," तू म्हणालीस. शेजारच्या बेटावरून बोटीनं आणलेली माणसं. मळ्याच्या कडेला लांब झोपड्यांत राहायची, मुलाबाळांसकट. मी तुला आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्या सांगितल्या, कारखान्याबाहेरच्या त्यांच्या पालापाचोळ्याच्या कोप्या सांगितल्या.

"मग सारखंच की," तू म्हणालीस आणि कढईत कांदा टाकलास. मला तुझा तो शांतपणा सहन व्हायचा नाही.

तुमच्याकडे एक शब्द आहे, तिएम्पो मुएर्तो. मेलेला काळ. कारखाना थंड झालेला, पुढच्या लावणीचं काम अजून सुरू नाही, असे मधले महिने. काम नाही म्हणजे पगार नाही. आमच्याकडे पट्टा पडला, हंगाम संपला, की कॉलनीतली माणसं गावी जायची, शेताभाताचं बघायची. तुमच्याकडे बघायला शेत नव्हतं. सगळी जमीन उसाची आणि सगळा ऊस दुसऱ्याचा.

"त्या महिन्यांत आई काय शिजवायची?"

"भात. मीठ. नंतर नंतर पेज." मग तू एकदम खुलून म्हणालीस, "पण ख्रिसमसला मिल प्रत्येक घरी साखरेची पिशवी द्यायची. पांढरी शुभ्र. आई त्या पिशवीचे नंतर फ्रॉक शिवायची."

तू ते अभिमानानं सांगितलंस. मी भडकले. म्हटलं, वर्षभर तुम्ही साखर काढायची, त्यातली एक पिशवी तुम्हालाच द्यायची, आणि तुम्ही थँक यू म्हणायचं?

"मिळालं की थँक यू म्हणतात, इंदाय. आईनं शिकवलं नाही तुला?"

"आमच्या बापानंही हेच केलं," मी म्हटलं. चेअरमनसाहेबांची जीप कॉलनीतून गेली की आमचे बाबा उठून उभे राहायचे. व्हरांड्यात, बनियनवर, जीपमधून कुणाचं लक्षही नसताना. "असली गावं माणसाला वाकायला शिकवतात. तुला वाकवलंय त्या गावानं आणि तुला कळतही नाही."

तू गॅस बंद केलास. "तुला राग तुझ्या गावाचा आहे. शिव्या माझ्या गावाला देतेस."

एक विमान गेलं. ते जाईपर्यंत मी माझ्या दारात पोचले होते.

मार्चमध्ये साथ आली आणि विमानं थांबली. वर आकाश रिकामं झालं, तरी तू आणि मी सवयीनं बोलता बोलता थांबायचो. हॉटेल बंद झालं. हॉटेलाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीनं तुला जवळच्याच एका वृद्धाश्रमात पाठवलं, साफसफाईला. तू खूश होतीस. म्हाताऱ्यांशी तुझं जमायचं. पुसता पुसता गात असशील, मला माहीत आहे. घरीही गायचीस.

त्या दिवसांत एका संध्याकाळी आठ वाजता सगळा देश टाळ्या वाजवायला खिडक्यांत आला. आपली गॅलरीही भरली. तिकडे भारतात थाळ्या, इकडे टाळ्या. नेमकी तेव्हाच तू कामाची पाळी संपवून आलीस. सायकल खाली लावून वर आलीस आणि लिफ्टचं दार उघडताच अख्खी गॅलरी तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागली. तू खळखळून हसलीस, गुडघ्यात वाकून राणीसारखा नमस्कार केलास. ईरानं चमच्यानं ताटली बडवली. मीही वाजवल्या टाळ्या. आता त्या आठवल्या की हात चोळावेसे वाटतात.

टाळ्या संपल्यावर तू तुझ्या दारात उभी होतीस, मी माझ्या. मी विचारलं, "मास्क देतात का तिथे?"

"नर्सेसना देतात."

"आणि तुला?"

"मी क्लीनर आहे. मी कुणाला हात लावत नाही."

"त्यांच्या खोल्या पुसतेस ना? त्यांचे संडास घासतेस ना? माग की! तोंड उघडून माग."

तू "हो, हो" म्हणालीस, लहान मुलाला म्हणावं तसं, आणि आत गेलीस. मी नवऱ्याला म्हटलं, ही मागणार नाही. हिच्या गावानं हिला मागायला शिकवलेलंच नाही.

मग तुला खोकला झाला. तू हाउसआर्ट्सना, आपल्या भागातल्या डॉक्टरांना, फोन केलास. त्यांनी सांगितलं, घरी राहा, पॅरासिटामॉल घ्या, वाढलं तर पुन्हा फोन करा. तेव्हा सगळ्यांना हेच सांगत होते. मी दाराशी खिचडी ठेवायची, घंटी वाजवून मागे सरायची. तू खिडकीतून अंगठा दाखवायचीस. भांडं मात्र अर्धं भरलेलंच परत यायचं.

शेवटचं बोलणं खिडकीतलं. आत तू, टेबलापाशी, खांद्यावर ब्लँकेट. बाहेर मी, कोट घालून. मधे काच आणि दोघींच्या कानाला फोन. तुझा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. मी काय विचारायला हवं होतं ते सांगायला शहाण्याची गरज नाही. मी विचारलं, "मास्क मागितला होतास का? खरं सांग."

तू माझ्याकडे बघितलंस. खोकलीस. बराच वेळ खोकलीस. मग हात उचलून म्हणालीस, "जाऊ दे, इंदाय."

"जाऊ दे? जाऊ दे काय! मरशील, तरी मागणार नाहीस तू!"

तू हसलीस. खोटं नाही, तू खरंच हसलीस, आणि त्या हसण्याचा मला इतका संताप आला की मी फोन बंद करून घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णवाहिका आली. तू स्ट्रेचरला नाही म्हणालीस. ती माणसं पांढऱ्या पोशाखात मागेपुढे आणि तू मधे, कठडा धरून, गॅलरीच्या टोकापर्यंत चालत गेलीस. लिफ्टच्या दारात वळलीस आणि आमच्या खिडकीत उभ्या असलेल्या ईराला जीभ काढून दाखवलीस. तिनंही काढली. नंतर व्हेंटिलेटर. नंतर फोनवर एका नर्सचा दमलेला, खूप प्रेमळ आवाज. तू माझा नंबर दिला होतास, नातं 'बहीण' सांगितलं होतंस.

क्रेमाटोरियममध्ये मोजकीच माणसं, लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर. मी, नवरा, तुझ्या हॉटेलातल्या दोघी आणि वृद्धाश्रमातली शांती नावाची एक सुरिनामी बाई, तुझ्याबरोबर साफसफाई करणारी. मी फोन उंच धरून बसले होते. फोनमध्ये तुझी थोरली बहीण नेना आणि तिच्या मागे अख्खं घर. तुझ्या अस्थी अजून तिथेच आहेत. तुझ्या बेटाकडे विमान नाही, आणि तुझ्या शहरानं वेशी बंद केल्या आहेत. स्वतःच्या जिवंत माणसांनाही आत घेत नव्हते तेव्हा. सिटी आहे ना! महापौर आहे ना!

राग येतो, लुस. मला त्या शहराचा राग येतो. तरीही ईराच्या पोहण्याच्या क्लासला कोण जायचं ते आठवलं की तो राग मधेच अडकतो. इथे मुलांना अंगावर कपडे असताना पोहून दाखवावं लागतं, कालव्यात पडलं तर जगावं म्हणून. ईरा पाण्याला पाहूनच रडायची. मला ऑफिस असायचं. तू तुझी दुपारची झोप मोडून तिला न्यायचीस आणि तलावाच्या काठावर बसून तिला सांगायचीस की मी बेटावरची असून मला पोहता येत नाही, आता तू शीक आणि मला शिकव. ती शिकली ती तुला शिकवायला. डिप्लोमा तिनं तुझ्या हातात दिला, माझ्या नाही. मी तेव्हा तुला थँक यू म्हटलं होतं का? म्हटलं असणार. इथे सगळेच उठता-बसता म्हणतात. पण मला जे म्हणायचं होतं ते त्या शब्दात मावत नव्हतं, आणि दुसरा शब्द आपल्या दोघींच्या मोडक्या इंग्रजीत सापडला नाही.

मे महिन्यात नेनाचा फोन आला. तुझ्या घरातल्या सामानाचं काय करायचं, म्हणून. बोलता बोलता ती म्हणाली, शेवटी काय झालं ते नीट सांग. आणि मी, दुःखात असलेल्या बाईला सांगू नये ते, सगळं सांगितलं. म्हटलं, मास्क नव्हता. तिनं मागितलाच नाही. तुमच्या गावानं शिकवलं तिला, गप्प बसायचं आणि मिळेल त्याला थँक यू म्हणायचं.

मग नेना हसली. अगदी तुझ्यासारखी.

"लुस? गप्प?" ती म्हणाली. "इंदाय, तू कुठल्या लुसबद्दल बोलतेस?"

मग तिनं मला सांगितलं. जगात साखरेचा भाव कोसळला त्या वर्षी तुमच्या शहरातला मेलेला काळ संपेचना. मळे ओस, मिल जेमतेम चालू. कामावर नाव नसलेल्यांना कंपनीच्या दवाखान्यात घेईनात. तुमची आई आजारी होती. तू सतरा वर्षांची, गोदामात साखरेच्या पोत्यांची तोंडं शिवायचीस. एका रविवारी चर्चसाठी फाटक उघडलं तेव्हा तू पोती शिवणाऱ्या बायकांना घेऊन गेलीस, पण तुम्ही चर्चमध्ये गेला नाहीत. फाटकाच्या मधोमध उभ्या राहिलात. साहेबांच्या गाड्या आत अडकल्या. तांदूळ द्या आणि दवाखाना उघडा. संध्याकाळपर्यंत हलला नाहीत. शेवटी आतून तांदळाची पोती आली. दवाखानाही उघडला.

"आई आणखी सहा वर्षं जगली," नेना म्हणाली. "आणि लुसचं नाव बेटावरच्या प्रत्येक मिलमध्ये, प्रत्येक मळ्यात पोचलं. तिला कुणी काम देईना. म्हणून ती गेली. जग बघायला गेली असं सांगायची ना तुम्हाला? जग बघायला कोण जातं!"

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं? मी वर्षानुवर्षं तिला..."

"इथे होती तेव्हा ती या गावाला दिवसरात्र शिव्या द्यायची. तिथे गेल्यावर तिला गाव चांगलंच हवं होतं. परमुलखात आपल्या गावाची अब्रू कोण काढतं?" मग म्हणाली, "तिथेही तिनं मागितला असणार. तू तिथल्या माणसांना विचार."

मी शांतीला फोन केला. तिच्या पणजोबांना बोटीत घालून सुरिनामच्या ऊसमळ्यावर नेलं होतं. तिची हिंदी अजून त्या काळातली आहे, माझी सिनेमातली. तरी सगळं कळलं. आधी तिनं टाळलं. मग रडली. मग सांगितलं.

तू गेली होतीस. पहिल्याच आठवड्यात, व्यवस्थापक बाईंकडे. उत्तर मिळालं की मास्क नर्सेससाठी आहेत, सफाईला नियमाप्रमाणे लागत नाहीत. तू पुन्हा गेलीस, सगळ्या सफाईवाल्यांना मागे उभं करून. तेच उत्तर. मग तू घरी चादर फाडून सगळ्यांसाठी मास्क शिवलेस. तुला सांगितलं की काढा, आजी-आजोबा घाबरतात. बाकीच्यांनी काढले. "माझं कंत्राट महिन्या-महिन्याचं, दीदी," शांती म्हणाली. तू काढला नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझा मजला बदलला. वरचा दिला. जिथे दारं बंद होती आणि आतली माणसं खोकत होती.

लुस, मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन तुझ्या रिकाम्या खिडकीसमोर उभी राहिले. मला तुला गदागदा हलवायचं होतं. त्या दिवशी तू एवढंच म्हणायचंस की मागितला होता. दोन शब्द. मी तिथेच गप्प झाले असते. तुझ्यात दम नव्हता म्हणून बोलली नाहीस, की मी तिथे जाऊन आरडाओरडा करीन आणि शांतीचं काम जाईल म्हणून? की इतकी वर्षं मी तुला ओळखत होते असं मला वाटत होतं, त्याचं तुला हसू आलं? आता हे कुणाला विचारू?

काल दुपारी वृद्धाश्रमाच्या बागेत स्मरणसभा होती. तिथले जे आजी-आजोबा गेले त्यांच्यासाठी, आणि तुझ्यासाठी. लांब लांब खुर्च्या, कागदी पेल्यांत कॉफी, केकचा एकेक तुकडा. चौकटीत तुझा फोटो, हसरा. मी ईराला घेऊन गेले होते. व्यवस्थापक बाई बोलायला उठल्या. माझं डच संध्याकाळच्या क्लासमधलं, पण तेवढं कळतं. त्या म्हणाल्या की लुस म्हणजे आमच्या घरातलं ऊन. कायम हसतमुख. कितीही काम असो, लुसनं कधी तक्रार केली नाही.

मी उठून उभी राहिले. ठरवलं नव्हतं.

"केली होती," मी म्हटलं.

त्या थांबल्या. "माफ करा?"

"तिनं तक्रार केली होती. तुमच्याकडे. तिनं मास्क मागितला, तुम्ही नाही म्हणालात. ती पुन्हा आली, तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. तिनं स्वतः शिवला. तुम्ही काढायला सांगितलंत. तिनं काढला नाही, तर तुम्ही तिला वरच्या मजल्यावर पाठवलंत."

माझ्या डचमधे चुका झाल्या असतील. समजलं सगळ्यांना. केक खाणारे हात थांबले.

"तुमचं दुःख मी समजू शकते," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण ही ती वेळ नाही. आपण नंतर शांतपणे बोलू."

"वेळ होती तेव्हा ती आली होती तुमच्याकडे."

माझ्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शांती उभी होती. पर्स पोटाशी घट्ट धरलेली, चेहरा पांढराफटक. "मीही तिथे होते," ती म्हणाली. "ती खरं बोलते आहे." मग पाठीमागे भिंतीपाशी कामाच्याच कपड्यांत उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीनं हात वर केला. नुसता हात वर.

व्यवस्थापक बाईंनी हातातल्या कागदाकडे बघितलं. म्हणाल्या, मी हे सोबत घेऊन जाईन. इथे काही ऐकून घेतलं की तसं म्हणतात. कुठे घेऊन जातात कुणास ठाऊक. मग कुणीतरी संगीत लावलं.

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही, लुस. ईरा माझा हात धरून चालत होती. सायकलपाशी आल्यावर तिनं विचारलं, "वॉज लोला लुस ऑल्सो अँग्री?" मी म्हटलं, "हो. खूप." "गुड," ती म्हणाली.

आज सकाळी नेनाला फोन केला. तिथे दुपार होती. तिनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि मी एकेक वाक्य सांगत गेले तशी ती तुमच्या भाषेत सांगत गेली. मला काही कळत नव्हतं. फक्त तुझं नाव कळत होतं, पुन्हा पुन्हा. बायकांचे आवाज चढत होते. कुणीतरी टेबलावर हात आपटला. कुणीतरी रडत होतं आणि कुणीतरी तिला रडू नकोस म्हणत असावं. मग एका म्हाताऱ्या बाईनं फोन हातात घेतला. नेना म्हणाली, ही त्या दिवशी फाटकात लुसच्या शेजारी उभी होती. बाईंनी मला काहीतरी विचारलं, खडसावून विचारल्यासारखं.

"ती विचारते," नेना म्हणाली, "त्या वरच्या मजल्यावर आता कोण झाडतं?"

मी म्हटलं, एजन्सीनं नवीन मुलगी पाठवली आहे, असं शांती म्हणत होती.

"तिला मास्क दिला का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. फोनवर कुजबूज झाली आणि म्हाताऱ्या बाईंचा आवाज पुन्हा आला, या वेळी एकच शब्द. तो 'जा' असाच असणार; नेनाला सांगावा लागला नाही.

शांतीची उद्या सकाळची पाळी आहे, लुस. मी तिच्याबरोबर जाणार आहे. आत सोडणार नाहीत, तर दारात उभी राहीन, आणि ती मुलगी कामाला येईल तेव्हा तिच्या तोंडावर मास्क आहे हे बघितल्याशिवाय तिथून हलणार नाही.